विंडोज सोडा, मॉड सोडू नका

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं, हे मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये सर्वांत मोठा गठ्ठा गेम खेळणाऱ्यांचा आहे. पत्र लिहिणारे जवळपास सगळे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले गेममधले बदल, टाकून खेळतात. विंडोज सोडून लिनक्स या मोफत प्रणालीवर गेलं तर गेम आणि मॉड यांचं काय होतं, हा त्यांचा प्रश्न. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यांच्यासाठी.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला पीसी आहे. सातव्या पिढीचा आय५, जीटीएक्स १०५० टीआय, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क. विंडोज ११ त्यावर बसत नाही. नवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड घ्यायला घरी आत्ता पैसे मागता येणार नाहीत. मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो, एकटा असलो की मॉड टाकलेला जीटीए ५, विचर ३ आणि स्कायरिम. लिनक्सवर गेलो तर यातलं काय हाती राहील? — विद्यार्थी, भांडुप

उत्तर : तू गेमची यादी दिलीस, हे फार बरं केलंस. ‘लिनक्सवर गेम चालतात का’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘हा गेम चालतो का’ याला असतं.

व्हॅलोरंट चालणार नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, संगणक सुरू होतानाच विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात, जाऊन बसतं, आणि लिनक्ससाठी ते बनवलेलंच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून खेळायचा जुगाड कुणी दाखवला तर त्याच्या नादी लागू नकोस, खातं गमावण्याची जोखीम असते. फोर्टनाइट, पबजीची पीसी आवृत्ती आणि अलीकडचे कॉल ऑफ ड्यूटी यांचंही हेच आहे. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चांगला चालत होता, २०२४ च्या शेवटी कंपनीने तो बंद केला. वाईट याचं वाटतं की अडचण दर वेळी तंत्राची नसते. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या दोन्ही प्रणाली २०२१ पासून प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं साधन, त्याबद्दल पुढे सांगते) चालू शकतात, पण ते बटण दाबायचं की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्सवर थेट चालतात. मित्रांपैकी दोघे-तिघे तिकडे वळणारे असतील तर विचारून बघ.

बाकीचे तिन्ही गेम चालतात. त्यामागचं यंत्र थोडक्यात सांगते, कारण पुढे मॉड टाकताना त्याचा उपयोग होईल. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. विंडोजच्या प्रोग्रामने मागितलेली प्रत्येक गोष्ट तो लिनक्सच्या भाषेत पुरवतो. व्हॉल्व्ह कंपनीने त्यावर आपलं काम चढवून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणला आणि तो स्टीममध्येच, म्हणजे गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या आपल्या अ‍ॅपमध्येच, घातला. डायरेक्टएक्स ९, १० आणि ११ च्या चित्रांच्या आज्ञा डीएक्सव्हीके हा भाग लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या आज्ञांमध्ये बदलतो, डायरेक्टएक्स १२ साठी वेगळा भाग आहे. तू स्टीमवर फक्त ‘इन्स्टॉल’ दाबायचंस.

विचर ३ ला डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून डायरेक्टएक्स १२ आलं आहे, पण सुरू करताना ११ निवडता येतं. तू ११ च निवड. तुझ्या पिढीच्या एनव्हिडिया कार्डांवर १२ चं भाषांतर जड जातं. जीटीए ५ मध्ये स्टोरी मोड व्यवस्थित चालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन भागाला बॅटलआय लागलं आणि तेव्हापासून लिनक्सवाल्यांना तो भाग बंद आहे. मॉड टाकून तू तसाही ऑनलाइन जात नसशील, जाऊही नकोस. स्कायरिमचं सविस्तर पुढच्या पत्रात आहे.

आता मांडणी. एसएसडी आणि हार्ड डिस्क वेगवेगळ्या आहेत याचा फायदा घे. एसएसडीवर लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती टाक. हार्ड डिस्कवर एका भागात विंडोज १० फक्त व्हॅलोरंटपुरतं ठेव. त्याला ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, त्यासाठी नाव नोंदव. बँकेचं किंवा कॉलेजचं काम त्यावर करायचं नाही. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद कर, नाहीतर त्या डिस्कचे भाग लिनक्समधून नीट उघडणार नाहीत. विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नकोस. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ, एवढाच तो फरक आहे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

कार्डाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे तिला एनव्हिडियाची ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका. मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये तीच निवड, आणि उद्या ‘नवीन ड्रायव्हर आलाय’ म्हणून कुणी सांगितलं तरी हलवू नकोस. पैसे हाताशी आले की पहिल्यांदा रॅम १६ जीबी कर. विचरमध्ये नोव्हिग्राडच्या बाजारात फिरताना तुला फरक कळेल.

प्रश्न : मी ग्राफिक डिझायनर आहे. स्कायरिम स्पेशल एडिशन लिनक्सवर पहिल्या झटक्यात सुरू झाला, इतकं बरं वाटलं! मग विंडोजवर साठवलेले मॉड झिपमधून काढून ‘डेटा’ फोल्डरमध्ये टाकले. आता काही कपडे आणि भिंती जांभळ्या दिसतात, काही मॉड असून नसल्यासारखे आहेत आणि बऱ्याच मॉडना लागणारं एसकेएसई तर चालूच होत नाही. जुना सेव्ह गेमही सापडत नाही. हे सगळं सोडून परत विंडोजवर जाऊ का? — गिरगाव

उत्तर : जाऊ नका. तुमच्या तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि सगळ्या सुटतात. हा गेम मी लिनक्सवरच खेळते, मॉडसकट, त्यामुळे या वाटेवरचे खड्डे ओळखीचे आहेत.

जांभळा रंग म्हणजे गेमला पोत (टेक्श्चर, वस्तूवर चढवायचं चित्र) सापडला नाही. फाइल डिस्कवर आहे, पण गेमला दिसत नाही. का, ते स्वतः बघा. स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट-क्लिक करून ‘ब्राउज लोकल फाइल्स’ घ्या, ‘डेटा’ फोल्डर उघडा आणि नावानुसार लावा. माझी खात्री आहे, तिथे टेक्श्चर्स नावाचे दोन फोल्डर दिसतील. एकाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, दुसऱ्याचं लहान. आत गेलात तर आर्मर, क्लोद्स यांच्याही अशाच जोड्या असतील. विंडोजला मोठं आणि लहान अक्षर सारखंच, त्यामुळे तिथे दुसरा मॉड टाकला की तो पहिल्याच फोल्डरमध्ये मिसळतो. लिनक्सची फाइल व्यवस्था ही दोन नावं वेगळी मानते आणि निमूटपणे दोन फोल्डर करते. गेमने फाइल मागितली की वाइन मोठ्या-लहान अक्षरांकडे दुर्लक्ष करून जुळणारा फोल्डर शोधतो, एक मिळाला की थांबतो. एकाच मजल्यावर दोन देशपांडे राहतात आणि पोस्टमन पहिल्याच दाराशी ‘असं पत्र इथे नाही’ ऐकून परत जातो, तसं हे होतं. दुसऱ्या दारामागे तुमचे कपडे व्यवस्थित आहेत, तिथवर कुणी जातच नाही.

म्हणून लिनक्सवर बेथेस्डा या स्कायरिमच्या कंपनीच्या गेममध्ये झिप उघडून हाताने मॉड टाकायचे नाहीत. हा नियम मी फार गंभीरपणे पाळते. ‘मॉड ऑर्गनायझर २’ वापरा. ते विंडोजचंच साधन आहे, पण प्रोटॉनखाली चालतं, आणि ते बसवून देणारा इन्स्टॉलर लिनक्सवरच्या मॉडकरांनी लिहून मोफत ठेवला आहे. त्याचा गुण असा, की प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतो. गेम सुरू होताना ते सगळ्यांना एकत्र करून एक आभासी ‘डेटा’ फोल्डर गेमपुढे ठेवतं. खरा ‘डेटा’ फोल्डर स्वच्छ राहतो. उद्या एखादा मॉड नको झाला तर त्याच्यापुढची खूण काढायची, बस. हा इन्स्टॉलर नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळाच्या पानावरचं ‘मॉड मॅनेजर डाउनलोड’ हे बटणही जोडून देतो.

आत्ताचा गोंधळ निस्तरायला मात्र स्वच्छ सुरुवात करा. स्टीमचं ‘फाइल्स तपासा’ हे काम इथे पुरणार नाही, कारण ते बिघडलेल्या फाइल भरून काढतं, तुम्ही वाढवलेल्या फाइल काढत नाही. गेम अनइन्स्टॉल करा, मागे उरलेला फोल्डर हाताने पुसा, पुन्हा घ्या. ज्यांना हाताने मॉड टाकल्याशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे. लिनक्स कर्नल ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत ठरावीक फोल्डरला मोठं-लहान अक्षर सारखं मानायला सांगता येतं. पण ती सोय आधी त्या डिस्कवर चालू करावी लागते आणि खूण रिकाम्या फोल्डरलाच लावता येते. तुम्ही नुकत्या आला आहात, आत्ता त्यात पडू नका.

एसकेएसई चालत नाही कारण स्टीमवरचं ‘प्ले’ गेमचा नेहमीचा लाँचर उघडतं. एसकेएसईला स्वतःचा लोडर लागतो, आणि मॉड ऑर्गनायझर २ मधून सुरू केलं की वरच्या यादीत तो निवडता येतो. तरीही सुरू झाला नाही तर आवृत्ती जुळवा. गेम १.६.११७० असेल तर एसकेएसई नेमकं त्याच आवृत्तीचं हवं, आणि ‘अ‍ॅड्रेस लायब्ररी’ हा जोडीचा मॉडसुद्धा. १.५.९७ वर थांबलेल्यांचा संच निराळा. ही कटकट विंडोजवरही तेवढीच आहे, तिचा दोष लिनक्सला देऊ नका. स्टीममध्ये या गेमचं अपडेट ‘सुरू करेन तेव्हाच’ असं करून ठेवा आणि सुरू मॉड ऑर्गनायझरमधूनच करा.

राहिले सेव्ह. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक वेगळा छोटा सी ड्राइव्ह तयार करतो. स्टीमच्या फोल्डरात ‘स्टीमअ‍ॅप्स’, त्यात ‘कॉम्पॅटडेटा’, आणि त्यात गेमच्या क्रमांकाचा फोल्डर. स्कायरिम स्पेशल एडिशनचा क्रमांक ४८९८३०. त्याच्या आत ‘पीएफएक्स’, मग सी ड्राइव्ह, ‘युजर्स’, ‘स्टीमयुजर’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘माय गेम्स’. पुढची वाट तुम्हाला विंडोजवरून पाठ आहे. तिथे जुने सेव्ह आणून ठेवा. प्रत्येक सेव्हच्या जोडीला त्याच नावाची एसकेएसईची फाइल असते, ती मागे राहिली तर मॉडांनी लक्षात ठेवलेल्या गोष्टी जातात. दोन्ही एकत्र हलवा. आणि विंडोजच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सेव्ह दिसले नाहीत तर वनड्राइव्हच्या फोल्डरात बघा. बऱ्याच लॅपटॉपवर ‘डॉक्युमेंट्स’ परस्पर तिकडे वळवलेलं असतं.

भांडुपच्या मित्रालाही उपयोगी पडेल असं एक इथेच सांगते. काही मॉड गेमच्या फोल्डरात एक डीएलएल (विंडोज प्रोग्रामचा सुटा भाग) ठेवतात आणि गेमने विंडोजच्या डीएलएलऐवजी ती उचलावी अशी अपेक्षा करतात. जीटीए ५ च्या स्क्रिप्ट मॉडसाठी ती ‘डीइनपुट८’, बेपइनएक्स या मॉड चढवणाऱ्या साधनावर चालणाऱ्या मॉडसाठी ‘विनएचटीटीपी’, चित्राचा रंगढंग बदलणाऱ्या रीशेडसाठी बहुतेकदा ‘डीएक्सजीआय’. वाइनकडे या नावांच्या स्वतःच्या फाइल असतात आणि तो आधी त्या वापरतो, म्हणून मॉड गप्प राहतो. ना चूक दाखवली जाते, ना गेम बंद पडतो, नुसतं काहीच होत नाही. ‘प्रोटॉनट्रिक्स’ नावाचं साधन घ्या, गेम निवडा, ‘वाइन कॉन्फिगरेशन’ उघडा आणि ‘लायब्ररीज’ या टॅबमध्ये ते नाव जोडून ‘नेटिव्ह, मग बिल्ट-इन’ असा क्रम द्या. ‘लिनक्सवर मॉड चालत नाहीत’ असं म्हणून परत गेलेल्या कितीतरी जणांचं घोडं इथेच अडलेलं असतं, आणि ही एक ओळ त्यांना कुणी सांगितलेली नसते.

प्रश्न : माझे सगळे गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहेत, साधारण ४०० जीबी. लिनक्समधून तो ड्राइव्ह दिसतो, स्टीमला दाखवलाही, पण गेम सुरू होताच बंद होतात. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे, एवढं पुन्हा डाउनलोड करणं परवडणार नाही. — चेंबूर

उत्तर : डी ड्राइव्हची फाइल व्यवस्था एनटीएफएस आहे. लिनक्स ती वाचतो आणि लिहितो, पण प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जो सी ड्राइव्ह बनवतो त्यात नावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब असलेल्या नोंदी असतात, आणि एनटीएफएसवर त्या नीट बसत नाहीत. तिथेच गाडी अडते. त्यातून वाट काढायचे मार्ग आहेत, पण मी ते कुणालाच सुचवत नाही. विंडोजने तो ड्राइव्ह अर्धवट बंद केलेला असला तर सगळंच अडकतं.

डाउनलोड मात्र टळतं. डिस्कवर ईएक्सटी४ चा एक भाग करा. लिनक्सच्या स्टीममध्ये तिथे लायब्ररी जोडा. डी ड्राइव्हवरच्या ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरातून एक गेम नव्या ‘कॉमन’मध्ये कॉपी करा, मग स्टीममध्ये ‘इन्स्टॉल’ म्हणा. स्टीम आधी असलेल्या फाइल ओळखून तपासतं आणि कमी असेल तेवढंच आणतं. पहिला गेम लहानसा घ्या, जमलं की मोठ्यांकडे वळा. ज्या गेमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती आहे तिथे स्टीम तीच आणू पाहील. अशा गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’खाली आधीच प्रोटॉन निवडून ठेवलात तर विंडोजच्याच फाइल वापरल्या जातात.

हॉटस्पॉटवाल्यांनी आणखी एक करावं. स्टीम लिनक्सवर गेमचे ‘शेडर’, म्हणजे चित्र रंगवायच्या सूचना, आधीच उतरवून ठेवतं. त्याने गेम अडखळत नाही, पण मोठ्या गेमला हा डेटा बराच जातो. ‘डाउनलोड्स’च्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. सुरुवातीला नव्या जागी जरा झटके बसतील, डेटा वाचेल.

प्रश्न : मी चाळिशीचा आहे. माझ्यासाठी गेम म्हणजे क्रिकेट ०७. मूळ डिस्क जपून ठेवली आहे. नव्या टीम, नव्या जर्सी, नवी मैदानं, सगळे पॅच टाकून आजही मुलाबरोबर मॅच होते. लिनक्सवर हे चालेल का? — लालबाग

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला हा गेम, बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलेला, आणि आपल्याकडच्या पोरांनी फुकटात, रात्री जागून, दर मोसमाला नवे संघ बसवत तो जिवंत ठेवला. मॉडिंगची ताकद दाखवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

गेम डायरेक्टएक्स ९ च्या काळातला आहे, आणि त्या काळातले गेम वाइन सहसा चांगले चालवतो. ‘बॉटल्स’ नावाचं साधन घ्या. त्यात एक नवी ‘बाटली’ करा, म्हणजे फक्त या गेमचं स्वतंत्र छोटं विंडोज. गेम तिच्यातच बसवा आणि पॅचचे इन्स्टॉलरही तिच्यातूनच चालवा. ते इन्स्टॉलर गेम कुठे बसवला आहे हे विंडोजच्या रजिस्ट्रीत शोधतात आणि रजिस्ट्री प्रत्येक बाटलीची वेगळी असते. पॅच दुसऱ्या बाटलीत चालवला तर ‘गेम सापडला नाही’ म्हणेल. सगळं नीट बसलं की त्या बाटलीची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. पुढचा पॅच बिघडला तर जुनी प्रत परत आणायची. विंडोजवर ही चैन नव्हती.

डिस्क वाचताना गेम अडला तर एवढं माहीत असू द्या, की त्या काळच्या बऱ्याच डिस्कवरची कॉपी-संरक्षणाची कुलपं आजच्या प्रणालींवर उघडत नाहीत, विंडोज १० वरही नाहीत.

आणि काळजीने सांगते, पॅच कुठून घेता ते बघा. ‘लिनक्सवर व्हायरस येत नाही’ या भरवशावर कुठलीही ईएक्सई (विंडोजची प्रोग्राम फाइल) चालवणारे मला रोज भेटतात. वाइनमध्ये एक झेड ड्राइव्ह असतो, तो तुमची सगळी डिस्क दाखवतो. वाईट हेतूने लिहिलेली ईएक्सई वाइनमधूनही तुमच्या घरच्या फोटोंपर्यंत पोचू शकते. बॉटल्सची फ्लॅटपॅक आवृत्ती घेतलीत तर ती स्वतःच्या कुंपणात राहते, म्हणून तीच घ्या, आणि तिला सगळ्या फोल्डरची परवानगी देऊ नका.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचे मॉड हवेत म्हणतो. मला यातलं काही कळत नाही. लिनक्स टाकून दिलं तर चालेल? — आई, बोरिवली

उत्तर : चालेल. फक्त त्याच्याकडे ‘जावा’ आवृत्ती आहे ना ते विचारा, ती लिनक्सवर थेट चालते. ‘बेडरॉक’ आवृत्तीची अधिकृत सोय लिनक्सवर नाही. ‘प्रिझम लाँचर’ टाका. त्यात प्रत्येक मॉडसंचासाठी वेगळा कप्पा करता येतो, त्यामुळे एक संच बिघडला तरी मुलाचं जुनं जग शाबूत राहतं. सुरू होताना जावाची तक्रार आली तर हे बघा : माइनक्राफ्ट १.२०.५ पासून १.२१ मालिकेपर्यंत जावा २१ लागतं, १.१८ ते १.२०.४ साठी १७, आणि १.१२ सारख्या जुन्या आवृत्त्यांना ८. लॅपटॉप जुना आहे तर ‘सोडियम’ हा गेमचा वेग वाढवणारा मॉड सगळ्यांत आधी टाकायला सांगा.

तुम्हाला स्वतःलाही शिकायचं असेल, आणि शिकावं असं मला मनापासून वाटतं, तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीत ऐकायला मिळतात. मोफत आहेत, छोटे आहेत. मुलाबरोबर बसून ऐका.

प्रश्न : लिनक्ससाठी कार्ड बदलायचं आहे. दुकानदार म्हणाला, “लिनक्स टाकणार असाल तर वॉरंटीचं आमच्याकडे येऊ नका.” आणि स्वस्तात जीटी ७१० दाखवलं. घेऊ का? — परळ

उत्तर : घेऊ नका, आणि त्या दुकानातूनही घेऊ नका. जोडून घेतलेल्या पीसीत वॉरंटी सुट्या भागाची असते, ती त्या भागाच्या सीरियल नंबरवर आणि बिलावर चालते. लॅमिंग्टन रोडला दुकानं पुष्कळ आहेत. पक्कं बिल देणाऱ्याकडे जा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

जीटी ७१० जुन्या केप्लर घराण्याचं आहे. एनव्हिडियाचे त्याच्यासाठीचे ड्रायव्हर ४७० वर थांबले, व्हल्कन १.२ वर अडले. आजचं डीएक्सव्हीके व्हल्कन १.३ मागतं. म्हणजे डेस्कटॉप दिसेल, प्रोटॉनचे गेम चालणार नाहीत. हे कार्ड अजून ‘गेमिंग’ म्हणून खपवलं जातं, याचा मला खरोखर राग येतो.

लिनक्ससाठी एएमडी सोपं, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्सचा कर्नल आणि मेसा या मुक्त ग्राफिक्स संचामध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. हात आखडता असेल तर वापरलेलं आरएक्स ५८० सुद्धा चालेल. दुकानात लावून, गेम चालवून आणि पंख्याचा आवाज ऐकूनच पैसे द्या. आपल्याकडच्या दमट हवेत आणि क्रिप्टो-मायनिंगला वापरलेल्या कार्डांचे पंखे आधी जातात. मोठ्या फोर-के टीव्हीला जोडायचं असेल तर एएमडीचा मुक्त ड्रायव्हर आणि एचडीएमआय २.१ यांचं जमत नाही. २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने त्याला परवानगी नाकारली. मॉनिटर डिस्प्लेपोर्टचा घ्या, प्रश्नच येत नाही. एनव्हिडियाच हवं असेल तर जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स २० मालिकेच्या मागे जाऊ नका.

प्रश्न : यूरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये एसटीच्या लाल बसचा मॉड टाकायचा आहे. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये मॉडचा फोल्डरच नाही. लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग आहे, ते तरी चालेल का? — मुलुंड

उत्तर : हा गेम लिनक्सवर थेट चालतो, म्हणून त्याचा फोल्डर विंडोजच्या जागी नसतो. होम फोल्डर उघडा, कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा. टिंबाने सुरू होणारा ‘लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात गेमच्या नावाचा फोल्डर आणि त्यात ‘मॉड’. मॉडची एससीएस फाइल तिथे ठेवा, मग गेममधल्या मॉड मॅनेजरमध्ये चालू करा. कधी प्रोटॉनमधून खेळलात तर तो आपल्या छोट्या सी ड्राइव्हमध्ये दुसराच ‘डॉक्युमेंट्स’ करतो आणि तुमची बस तिथे नसते. दोन्हीत एक ठरवा. मी थेट आवृत्तीच सुचवेन.

जी२९ ला कर्नल ओळखतो. स्टिअरिंगवरचा खटका पीएस३ वर ठेवा, आणि ‘ओव्हरस्टिअर’ हे साधन टाकलंत तर चाक किती अंश फिरावं ते ठरवता येईल. बससाठी ९०० अंशच ठेवा.

नकाशे आणि गाड्या एकदम टाकू नका. आधी फक्त बस टाका. ती गॅरेजमध्ये दिसली नाही तर त्याच गेमच्या फोल्डरात ‘गेम लॉग’ नावाची मजकुराची फाइल असते. ती उघडून ‘एरर’ शब्द शोधा. बसच्या फाइलचं नाव असलेली ओळ सापडली की मॉड गेमच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते तपासा, आणि तरी उलगडलं नाही तर ती ओळ जशीच्या तशी मला पाठवा.